धृपद मंडळीचे

जळगावात १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर, आणि धरणगावचा कोवळा त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याच मांडवात ‘बालकवी’ झाला. हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक असते. संमेलनाला आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला आठवतात ते मात्र बालकवींचे पालक म्हणून, किंवा ‘स्मृतिचित्रे’तल्या लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणून. मराठी ख्रिस्ती मंडळी गेली शंभर वर्षे ज्यांची पदे गाते, ते टिळक चर्चबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अनोळखी आहेत. ही उणीव मला फार जाणवते, आणि तिच्याकडे मी वळलो तो एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेमुळे.

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावच्या एका चर्चमध्ये एडविन हॉकिन्स या तरुण पियानोवादकाने आपल्या युवक गायनवृंदाची काही गाणी मुद्रित केली. यंत्र साधे, दोन पट्ट्यांचे. वृंदाला वॉशिंग्टनच्या युवक मेळाव्याला जायचे होते, त्या खर्चासाठी पाचशे प्रती विकायच्या, एवढाच बेत. मुद्रिकेचे नाव ‘लेट अस गो इंटू द हाउस ऑफ द लॉर्ड’. त्यातले ‘ओ हॅपी डे’ सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर वाजू लागले आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर गेले. चर्चमधले गाणे नाचगाण्याच्या यादीत गेले म्हणून काही धर्मबांधव रागावलेही.

गाण्याचे शब्द हॉकिन्सचे नव्हते. फिलिप डॉड्रिज या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाचे ते स्तोत्र. हॉकिन्सने त्याला पियानोची डुलती लय दिली, ढोल दिला, टाळ्या दिल्या. वृंदातली डोरोथी मॉरिसन खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी ओळ सुरू करते आणि मागून चाळीसएक कंठ तीच ओळ उचलतात. आजही ते ऐकताना जीव ओढला जातो तो त्या उचलण्याने. गाणारी एकटी असती तर गाणे गोड झाले असते, पण आपल्याला त्यात शिरायला जागा उरली नसती.

हे आपण कुठे ऐकले आहे? प्रत्येक एकादशीला. बुवा चरण म्हणतात, टाळकरी धृपद झेलतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत ही रीत रुजली, त्यामागे एक कारण असे की गुलामीत अक्षरबंदी होती. पुढाऱ्याने ओळ सांगायची, सर्वांनी ती परत म्हणायची. आपल्याकडे वारकऱ्यांनाही पोथीवाचून अभंग पाठ झाले ते याच वाटेने.

मराठी चर्चमध्ये मात्र सुरुवातीला हे नव्हते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला होते. उपासनेत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे त्याच परक्या चालींवर गायली जात. इंग्रजी चालीत आघात ठरलेल्या जागी पडतो. मराठी शब्दातले ऱ्हस्व-दीर्घ तिथे बसवायचे तर शब्द मोडतो किंवा चाल मोडते. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी यातून पहिली वाट काढली. त्यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनातून मांडले. ख्रिस्ती मंडळी कीर्तनाला बसली, हे धाडसच होते. सांगळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा, इतके त्यांचे काम मोलाचे आहे.

टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पुलाची ही गोष्ट त्यांच्या रचनेत शब्दशः खरी ठरली. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, ख्रिस्ताला माउली म्हटले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी त्यातल्या एका पदाचे इंग्रजी रूपांतर केले आणि ते परदेशी स्तोत्रसंग्रहांत गेले. जिथून स्तोत्रे येत होती तिथेच मराठी भजन पोचले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

खानदेशात हे गाणे मिशनच्या वाटांनी आले. भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशन होते, नवापूर-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात स्कँडिनेव्हियन मिशनरी. तिथल्या भिल्ल आणि मावची मंडळ्यांत मराठी उपासनेची भाषा झाली, तरी घरची बोली वेगळीच राहिली. परक्या चालीचे स्तोत्र पाठ करणे जिथे दुहेरी ओझे होते, तिथे पुन्हा पुन्हा म्हणायच्या धृपदाने ते हलके केले. पुस्तक हातात नसले तरी मंडळी गाऊ शकते, ही टिळकांच्या भजनांची खरी ताकद मला वाटते.

‘ओ हॅपी डे’ ऐकून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला ‘माय स्वीट लॉर्ड’ सुचले, असे त्याने स्वतः लिहिले आहे. १९७० च्या त्या गाण्यात मागचा वृंद हालेलुयावरून हरे कृष्णवर जातो. भजन आणि कृष्णवर्णीय चर्चमधले गॉस्पेल गायन तिथे एका तालावर आले. टिळकांनी हा सांधा त्याच्या कितीतरी आधी जुळवला होता, आणि तोही विक्रीच्या याद्यांपासून दूर, रविवारच्या उपासनेत.

हॉकिन्सच्या वृंदाचा आवाज तबकडीवर आहे, म्हणून आपण त्यावर बोलू शकतो. मावची मंडळ्यांची भजने, त्यांत शिरलेले डोंगरातले ताल, ज्येष्ठ बायांनी धरलेल्या जुन्या चाली यांचेही तसेच ध्वनिमुद्रण व्हावे. खानदेशच्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी कागदावर घेतल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघाले. बहिणाबाईंच्याच नावाचे विद्यापीठ जळगावात आहे, कागदपत्रे जपणारे राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. या दोन संस्थांनी नवापूरच्या पाळकांशी बोलून नाताळाआधी काम सुरू करावे. तेव्हा गावोगावी तालमी चाललेल्या असतात.