ब्रेकरची बाटली

पहाटे 5.45. मे महिना. राजुऱ्यात बाहेरचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं. 33 केव्ही उपकेंद्राच्या फाटकाशी ठेकेदाराचा मदतनीस सायकल लावतो. 500 रुपये रोज. डब्यात पोळी-भाजी, पाण्याची कॅन वेगळी.

6.30. परमिट हातात आलं. ब्रेकर बंद, दोन्हीकडचे आयसोलेटर उघडे. मग डिस्चार्ज रॉड, मग अर्थिंग.
"घाई नोको करू बे, पहिले टेस्टर लाव," वरिष्ठ तंत्रज्ञ खालून ओरडतात. बरोबरच आहे. इथली पाच मिनिटं कुणी वाचवू नयेत.

7.00. पोर्सेलिनवर धुळीचा थर. कोळशाच्या खाणी जवळ, सिमेंटचे कारखानेही. मदतनीस शिडीवर चढतो, फडक्यानं एकेक कड पुसतो. फडकं काळं होतं, की दुसरं.

8.15. आता ब्रेकर. आत व्हॅक्यूमची बाटली, बाटलीत समोरासमोर दोन चकत्या. तांब्याची आणि क्रोमियमची पूड मिसळून, दाबून, निर्वात भट्टीत भाजून त्या करतात. हे दोन धातू घट्ट झाल्यावर एकमेकांत जेमतेम विरघळतात, म्हणून दोघांचेही गुण टिकतात. तांबं वीज वाहतं. क्रोमियम चकत्या चिकटू देत नाही आणि आत सुटलेला चुकार वायू शोषून घेतं. लाइनवर फॉल्ट आला की चकत्या दूर होतात, मध्ये आर्क पेटतो. प्रवाह शून्यावर आला की विझतो. 50 हर्ट्झला हे शून्य सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला येतं.

तंत्रज्ञांनी तरुणपणी तेलाचे ब्रेकर उघडलेत. त्यांची टोकं टंगस्टन-तांब्याची. टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं, तांबं 1,085 ला. म्हणून आधी टंगस्टनचा सच्छिद्र सांगाडा भाजायचा, मग त्यात पातळ तांबं मुरवायचं.
"कानस लावली तं कानसच घासून जाये," ते सांगतात.

ही बाटली मात्र उघडता येत नाही. उघडली की संपली.

9.10. म्हणून बाहेरून मोजायचं. 100 अँपिअर सोडून मायक्रो-ओहम मीटर लावतात. पहिला फेज 32, दुसरा 34, तिसरा 61. सगळे गप्प. दांड्यावरची झिजेची खूण पाहिली, ती ठीक आहे. मग बाहेरचा जोड खोलला, पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. पुन्हा मोजलं. 35.
"बाटली वाचली!"

10.20. चहा, दहा रुपये कप. पैसे तंत्रज्ञ देतात.

10.40. पाने मोजले, अर्थिंग काढलं, परमिट परत. 11.00 ला फीडर चालू. रजिस्टरवर सही.

12.00. मदतनीस शिडी घेऊन जीपमध्ये मागे बसतो. सास्ती रस्त्याला एका डीपीत तेल भरायचं आहे.