म्हाताऱ्या गाडीची कुरकुर

बिऱ्हाड चाकांवर घेऊन हिंडण्याची हौस माणसाला फार जुनी. अमेरिकेत याच हौसेपोटी जनरल मोटर्स कंपनीने १९७३ ते १९७८ या काळात ‘जीएमसी मोटरहोम’ बनवली. आत चूल, मोरी, बिछाना. वजन पाच टनांच्या आसपास. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्यातल्या कित्येक गाड्या आजही धावतात. पण पन्नाशी गाठलेल्या गाडीची पहिली तक्रार येते ती पुढच्या चाकांकडून. खड्ड्यात दणका बसतो आणि वळताना स्टिअरिंग कुरकुरतं.

या गाडीला पुढे पाटे नाहीत, गुंडाळी स्प्रिंगही नाहीत. एक लांब पोलादी दांडा असतो. त्याचं एक टोक चौकटीत घट्ट, दुसरं चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेलं. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि पीळ सुटताना चाक खाली येतं. याला टॉर्शन बार म्हणतात. आपल्या अ‍ॅम्बॅसडरलाही पुढे हीच रचना होती.

चाकाला वर-खाली व्हायला ठरावीक जागा असते. वर्षानुवर्षं संसाराचं ओझं वाहून दांडा थोडा सैलावतो, गाडी पुढून बसते आणि वरची जागा कमी होते. मग लहानशा खड्ड्यातही आर्म रबरी ठोकळ्यावर आदळतो. तोच तो दणका.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे दांड्याचा बोल्ट आवळून गाडी उचलणं. पण त्याने जुना दांडा नवा होत नाही, नुसती उंची बदलते. जास्त उचलली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके पडून लवकर झिजतात. म्हणून आधी मागच्या हवेच्या पिशव्यांची उंची बरोबर करावी, मग पुढची मोजून, दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यावं. तेवढं राहिलं तर टायर एका कडेने खाल्ले जातात.

आता आवाजाकडे वळू. प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा. फक्त वळताना, चालत्या गाडीत ‘कट्-कट्’ झालं तर संशय शाफ्टच्या सांध्यावर. स्टिअरिंग फिरवताना घुरघुर आली तर आधी पॉवर स्टिअरिंगचं तेल पाहावं. उभ्या गाडीत करकर झाली तर बॉल जॉइंट कोरडा पडला असेल. हळू चालताना खड्ड्यात ‘ठक्’ वाजलं तर कुठेतरी ढिलाई आहे, आणि ती सर्वांत गंभीर.

आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजचे उस्ताद यासाठी एक साधी युक्ती करत. पोराला स्टिअरिंगवर बसवायचं, थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगायचं आणि स्वतः एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा. कान फसतो, कारण आवाज लोखंडातून दूर जाऊन वाजतो. तळव्याला मात्र ढिला सांधा नेमका कळतो.

बॉल जॉइंट तपासायचा तर जॅक खालच्या आर्मखाली लावावा, म्हणजे सांध्यावरचा भार उतरतो. मग चाक वर आणि खाली धरून हलवावं. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. टॉर्शन बार घरी खोलण्याच्या फंदात तर पडूच नये. पिळलेलं पोलाद सुटलं तर हात वाचत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? झिजलेला बॉल जॉइंट निखळला तर पुढचं चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. घरही त्याच गाडीत, घरची माणसंही त्याच गाडीत. कुरकुर नवी असेल तेव्हाच तिची दखल घ्यावी. ती सवयीची झाली की आपण रेडिओचा आवाज वाढवतो, आणि चूक नेमकी तिथेच होते.