प्रोसिडिंगला घ्या!

"भाऊसाहेब, आधी हे प्रोसिडिंगला घ्या. बाकीचं मागनं बोलू."

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन उरकलेलं असतं, शाळेतली पोरं गोळ्या-बिस्किटं घेऊन घरी पळालेली असतात, आणि मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात ही हाक हमखास ऐकू येते. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ साली सरकारनं त्यांचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' असं केलं, पण गावात ते अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. आणि प्रोसिडिंग म्हणजे त्यांच्या मांडीवरचं जाडजूड, रेघांचं रजिस्टर. 'इतिवृत्त' हा त्याचा शुद्ध मराठी शब्द. तो त्या रजिस्टरच्या आत पानोपानी सापडतो, बाहेर कुणी उच्चारत नाही. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही बिनचूक 'प्रोसिडिंग' म्हणते.

ग्रामसभेवर आपल्याकडे भाषणं उदंड झाली आहेत. ग्रामस्वराज्य, गांधीजी, लोकशाहीचा पाया वगैरे. मी आमच्या गावच्या आणि आसपासच्या पाच-सहा गावांच्या सभांना बरीच वर्षं मागच्या रांगेत बसतो आहे. माझं मत असं झालंय की सभा भरते देवळापुढे, पण घडते या वहीत. पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गाव दिवसभर तक्रारी करतं. नळाला पाणी दाबानं येत नाही, खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे, मोकाट वळू बाजारात शिरतो आणि कोंडवाड्याला दार नाही. ही सगळी तक्रार हवेत असते. ती वहीत उतरली, तिला क्रमांक पडला, सूचक आणि अनुमोदक मिळाला, की तिचा ठराव होतो. मग तिला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मूळ कायदा १९५८ चा. तेव्हाचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, आताचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या कलम ७ मध्ये ग्रामसभा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, तिला राज्यघटनेतही जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो सभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही. वर्षाला किमान चार सभा. आपल्याकडे त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरतात, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे झेंडावंदनाचा उत्साह सभेला गर्दी जमवील असा हिशेब असावा. प्रत्यक्षात लोक जिलेबी घेऊन घरी जातात.

म्हणूनच गणपूर्ती. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर पाहिजेत. अडीच हजार मतदारांच्या गावाला शंभर पुरतात, चारशे मतदारांच्या वाडीला साठ. ऐकायला सोपं वाटतं. सकाळी अकराला मंडपात बावीस माणसं असतात आणि त्यातली चार मतदारयादीत नसतात. शिपाई सही-अंगठ्याचं हजेरीपत्रक घेऊन रस्त्याला जातो. दूध घालून येणारा, सलूनमध्ये बसलेला, मोटरसायकल थांबवलेला, सगळे 'उपस्थित' होतात. तरीही आकडा भरला नाही, तर 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' अशी एक ओळ वहीत पडते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढच्या आठवड्यात त्याच विषयपत्रिकेवर पंधरा जण बसून गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करतात. कायद्यानं ही वाट ठेवली ती सभा अडू नये म्हणून, आणि काही गावांनी तिचाच हमरस्ता केला.

आता वही जवळून पाहू. पहिल्या पानावर दाखला असतो: या नोंदवहीत एकूण इतकी पानं आहेत. खाली सही आणि गोल शिक्का. प्रत्येक पानाला क्रमांक. हे सगळं पान फाडलं जाऊ नये, नवं घुसवलं जाऊ नये यासाठी. पहिला विषय दरवेळी तोच, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. शेवटचाही ठरलेलाच, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मधल्या विषयांत सरकारची परिपत्रकं, योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या, जमाखर्च. लोक येतात ते ऐनवेळच्या विषयांसाठी. तिथंच आवाज चढतात, तिथंच माइक बंद पडतो. 'ठराव सर्वानुमते मंजूर' हे शब्द इतक्या सराईत हातानं लिहिले जातात की त्यांची रांगोळी झालेली असते.

एक ऐनवेळचा विषय मी सुरुवातीपासून पाहिला आहे. खालच्या आळीतल्या एक आजी उठल्या. "आवं सरपंच, चार म्हैनं झालं गटारीचं पानी उंबऱ्यात येतंय. नातवाला तीनदा ताप आला. तुमी एकदा तरी खालच्या आळीला आला का?"

सरपंचबाई म्हणाल्या, "आजी, बघते मी."

एक निवृत्त गुरुजी मागून बोलले, "बघता कशाला, लिहा. आणि भाऊसाहेब, 'गटार दुरुस्ती' लिहू नका. 'सांडपाणी व्यवस्थापन' लिहा."

मला तेव्हा ते मास्तरी खोड वाटली. नंतर कळलं की गुरुजींनी एका शब्दात निम्मं काम केलं होतं. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगानं गावांना जो निधी दिला, त्याचे दोन भाग होते. साठ टक्के बंधित, चाळीस टक्के अबंधित. बंधितातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. अबंधित पैशांवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्यातून रस्ते करता येतात आणि रस्ता डोळ्यांना दिसतो. स्वच्छतेचा पैसा मात्र अनेक गावांत खात्यावर पडून राहिलेला दिसायचा. आजींची गटार 'सांडपाणी' झाली आणि थेट त्या पैशांपाशी जाऊन उभी राहिली.

तरी ती लगेच झाली नाही. ठराव आराखड्यात गेला. शाखा अभियंता टेप घेऊन आले, अंदाजपत्रक केलं. तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका, जिला गावापासून तालुक्यापर्यंत सगळे 'एमबी' म्हणतात. एमबी भरल्याशिवाय बिल नाही. आणि बिल आता चेकनं निघत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सह्या ज्या बोटभर यंत्रात असतात, त्याला गावात 'डोंगल' म्हणतात. महाराष्ट्रात सरपंचपदाच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. एखाद्या गावात बाईंचं राज्य खरोखर बाईंच्या हातात आहे का, हे जाणून घ्यायचं असेल तर भाषणं ऐकू नयेत. डोंगल कुणाच्या खिशात आहे, एवढंच विचारावं. आमच्या सरपंचबाईंनी पहिल्या वर्षी तो नवऱ्याकडे दिला होता. दुसऱ्या वर्षी परत घेतला. त्याची नोंद कुठल्याही प्रोसिडिंगला नाही.

ठराव सगळे सारखे नसतात. काही ठरावांना पैसा लागत नाही, आणि बातम्या त्यांच्याच होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद करून पोरांनी अभ्यासाला बसायचं, असं गावानं ठरवलं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड लावला. मला सौंदाळ्याचा ठराव फार आवडतो. भांडणात ज्यांचा काही संबंध नाही त्या बायकांचीच नावं का घ्यायची, हा प्रश्न बांधावर हजार वेळा निघाला असेल. तो वहीत लिहून त्याला रकमेचा आकडा लावायचं मात्र या गावाला सुचलं.

अशा ठरावांची थट्टा करणारे आहेत. दंड खरंच वसूल होतो का, कायद्यात टिकतो का, असं विचारतात. प्रश्न रास्त आहेत. पण बिनपैशाच्या ठरावाचंही एक वजन असतं. हेरवाडनंतर दुसऱ्या गावातल्या एखाद्या सुनेला 'त्या गावात लिहून घेतलंय' असं सांगता येतं, आणि लिहून घेतलंय म्हटल्यावर भावकीही जरा थबकते.

वजनाचा विषय निघाला की गडचिरोलीला जावं लागतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा इथली. देवाजी तोफा हे तिथलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. तिथं बहुमतानं ठराव होत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला, आणि तरीही अडला तर त्याच्या पुढच्या. वेळखाऊ वाटेल. पण याच गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वनखात्याकडून ग्रामसभेच्या हातात आला. तोवर वनखात्याच्या परवान्याशिवाय बांबू विकायला नेला तर तो गुन्हा होता. सभेत बसून बोलण्याची सवय आधी लागलेली होती म्हणून गावाला अधिकार आला तेव्हा तो पेलवला, असं मला वाटतं. आमच्याकडे उलटं आहे. अधिकार तीस वर्षांपूर्वी आला, बसायची सवय अजून लागायची आहे.

आणि वहीची काळी बाजू. ती सांगितल्याशिवाय परिचय पुरा होणार नाही. एका गावात, नाव सांगत नाही, मी ठरावाच्या खाली चार बोटं कोरी जागा पाहिली. सह्या मात्र पान संपता संपता घेतलेल्या. विचारलं तर उत्तर आलं, "सविस्तर नंतर लिहितो." सहा महिन्यांनी त्या चार बोटांत गायरानातल्या एका जागेला हरकत नसल्याचा ठराव बसला होता. अक्षर बारीक, ओळी दाट, शाई वेगळी. सभेला हजर असलेल्या कुणालाच तो आठवत नव्हता, सूचकालाही नाही. पानाला क्रमांक होता, शिक्का होता, काही फाटलं नव्हतं. वहीचे सगळे नियम पाळले गेले होते, फक्त 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय वाचल्याशिवाय कायम झाला होता. तो विषय कंटाळवाणा म्हणून सगळे 'कायम, कायम' ओरडतात. चोरी होते ती नेमकी तिथं.

आमच्या गावात गुरुजींनी यावर एक साधा उपाय काढला. पहिला विषय आला की ते उठतात आणि म्हणतात, "मोठ्यानं वाचा." भाऊसाहेब कपाळाला आठ्या घालतात आणि वाचतात. दहा मिनिटं जातात, लोक चुळबुळ करतात. ठराव संपला की खालच्या जागेवर आडवी रेघ मारली का, हेही गुरुजी पुढं जाऊन बघतात.

गटारीचं सांगायचं राहिलं. ती झाली, सव्वा वर्षानं. ठरावात नव्वद मीटर होती, अंदाजपत्रकात साठ मीटर बसली. आजींच्या उंबऱ्यातलं पाणी थांबलं आणि आता ते पुढे अंगणवाडीच्या दारात साचतं. गेल्या सभेला आजी पुन्हा उठल्या. या वेळी 'सांडपाणी' हा शब्द त्यांनी स्वतःच सांगितला.

तुमच्या गावच्या मागच्या सभेत काय लिहिलं गेलं, ते बघायचं असेल तर नक्कल मागता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि नकलेच्या दर पानाला दोन रुपये.