गाई खाली, बोटी वर

नेदरलँड्समध्ये सायकल चालवताना पहिल्या दिवशी आपले डोळे आपल्याला फसवतायत असं वाटतं. आपण बांधावरच्या अरुंद वाटेवरून चाललेले असतो. उजव्या हाताला काठोकाठ भरलेला कालवा, डाव्या हाताला कुरण, आणि त्यात चरणाऱ्या गाईंच्या पाठी आपल्या चाकांच्याही खाली. तेवढ्यात कालव्यातून एक बोट जाते, ती गाईंच्या शिंगांपेक्षा वरून.

आमच्या सोळा जणांच्या चमूत पेणजवळच्या खारेपाटातले एक काका होते. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा ते सायकल स्टँडवर लावून बांधाचा उतार न्याहाळत होते. "हा तर आपला खारबांध," ते म्हणाले. "फक्त ह्यांनी अख्खा मुलूखच बांधाआड ठेवलाय."

काका फार चुकले नव्हते. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. आमचं विमान जिथे उतरलं तो स्खिपोल विमानतळसुद्धा हार्लेमरमेर नावाच्या जुन्या तळ्याच्या तळावर उभा आहे. वाफेच्या पंपांनी उपसून ते तळं १८५२ मध्ये कोरडं केलं गेलं.

आमची सहल आठवड्याची होती. ॲमस्टरडॅमहून दक्षिणेला किंडरडाइकपर्यंत जायचं आणि खाउडा, लेडन, हार्लेम करत परत यायचं. मुक्काम रोज नव्या गावात, खोली मात्र तीच, कारण इथे मुक्कामाची जागाच, म्हणजे बार्ज, आपल्याबरोबर चालते. बार्ज म्हणजे सपाट बुडाची लांबलचक मालवाहू बोट. पूर्वी तिच्या पोटात धान्य, कोळसा, वाळू असे आणि मागच्या बाजूला तांडेलाचा संसार. पुढे मोठी जहाजं आली, लहान बोटींना मालवाहतूक परवडेना. मग त्यांतल्या काहींच्या पोटात खोल्या बांधल्या गेल्या. आमची खोली रेल्वेच्या कूपेहून थोडीच मोठी. खिडकी पाण्याच्या जेमतेम वर, त्यामुळे सकाळी जाग येते ती उशीजवळून पोहत जाणाऱ्या बदकाकडे बघत.

नाश्त्याच्या टेबलावरच दुपारचा डबा भरून घ्यायचा. ब्रेड, चीज, काकडी, फळं. डच माणसं ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा भुरभुरवतात, तेही बिनदिक्कत, मोठ्या वयात. मग डेकवरच्या सायकली फळीवरून खाली उतरवायच्या आणि निघायचं. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर. बार्ज तिच्या पाणवाटेनं संध्याकाळच्या धक्क्यावर येऊन थांबते. गुडघे कुरकुरले तर एखादा दिवस बोटीवरच राहावं, नाहीतर बॅटरीवरची सायकल मागून घ्यावी. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. ट्यूलिपची शेतं बघायची असतील तर एप्रिल गाठावा. पावसाचं जाकीट मात्र कोणत्याही महिन्यात सोबत हवं.

वाटाड्या सर्वांत पुढे. वळण आलं की त्याच्या मागचा माणूस तिथे उभा राहून बाकीच्यांना दिशा दाखवतो आणि सर्वांत शेवटच्याबरोबर निघतो. एवढं करूनही चुकलात तर आकडे आहेतच. सायकलवाटांच्या महत्त्वाच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक दिलेला असतो आणि तिथल्या पाटीवर पुढच्या क्रमांकांचे बाण असतात. चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की गावांची उच्चारायला अवघड नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. ही युक्ती मूळची शेजारच्या बेल्जियममधली, ह्युगो बोलेन ह्या खाण-अभियंत्याची.

ह्या वाटा बघून वाटतं, सायकल ह्यांच्या रक्तातच असणार. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणत आईवडील रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा दिसतो ते लोकांना पुन्हा आठवलं. वेगळ्या सायकलवाटांचं जाळं त्यानंतरच दाट होत गेलं. आज लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटींहून जास्त.

चढ नाहीत म्हणून हुरळून जाऊ नये. इथला घाट म्हणजे वारा. समोरून आला की आठ गिअरांची सायकलही चिखलात रुतल्यासारखी चालते. बिनगिअरच्या सायकलीवर, वाऱ्याच्या तोंडावर चालवायची राष्ट्रीय स्पर्धाही हे लोक भरवतात!

पण ह्याच वाऱ्यानं हा देश कोरडा ठेवला. किंडरडाइकला १९ पवनचक्क्या ओळीनं उभ्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. पीठ दळणं हे त्यांचं काम नव्हे, त्या पाणी उपसतात. खालच्या शेतांतलं पाणी चाकानं उचलून वरच्या साठवण तळ्यात टाकायचं, आणि लेक नदीची पातळी उतरली की दारं उघडून नदीत सोडायचं. आता हे काम मुख्यतः पंप करतात.

दारं बघताच काकांचे डोळे चमकले. "ही आपली उघाडी!" खारेपाटात ओहोटीला पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला बंद होणारं दार म्हणजे उघाडी. गोव्याच्या खाजणांत तिलाच मानस म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे ओहोटी रोज पाणी फुकट नेते. इथे मात्र ते उपसूनच काढावं लागतं. शिवाय ही जमीन दलदलीच्या कुजट मातीची. पाणी काढलं की ती सुकून खचते, खचली की आणखी खोलवरून उपसा करावा लागतो. अशा ओलीत गहू टिकेना, गवत मात्र माजलं. गवतावर गाई आल्या आणि गाईंमागून चीज. खाउड्याच्या, म्हणजे आपण ज्याला गौडा म्हणतो त्या चीजचं मूळ असं चिखलात आहे.

काकांचा खरा प्रश्न पुढेच होता. "बांधाला खांड पडली तर बुजवायची कोणी?" वाटाड्यानं सांगितलं, त्यासाठी वेगळी जलमंडळं आहेत, आज २१. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. काही मंडळांची मुळं तेराव्या शतकातली. राजा कोणीही असो, बांध सगळ्यांचा.

आणि दुसऱ्या दिवशी खाउड्याच्या वाटेवर त्यानं एक बांध दाखवला. १९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पहाटे उधाणाची भरती आणि वादळ एकत्र आलं, १,८३६ माणसं गेली. न्यूवरकेर्क गावाजवळ हॉलंडसे आयसेल नदीचा हा बांधही फुटला. तेव्हा आरी एव्हेग्रून ह्या तांडेलानं आपली मालवाहू बोट नेमकी त्या खांडीत आडवी घातली. बोट बसली, पाणी थांबलं. मागचा सखल मुलूख वाचला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री बोटीत, अर्ध्या पाण्याखालच्या आमच्या खोलीतून, त्यांनी घरी फोन लावला. मला वाटलं ट्यूलिपचं वर्णन चालेल.

"परवा पौर्णिमा आहे ना? उधाण असेल. उघाडीच्या फळ्या एकदा बघून या."