आडनावात दडलेले गाव

शाळा सुरू झाली की गुरुजी हजेरी घेतात. जाधव, कुलकर्णी, वसमतकर, शिंदे, पाटील, वाघमारे... आपण 'हजर' म्हणून मोकळे होतो. पण ही जी नावे रोज कानांवरून जातात, ती आली कोठून? ती कोणी दिली? आणि आपल्या आडनावावरून आपल्याविषयी खरोखर किती कळते? हजेरीपटाकडे जरा शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहू या.

आडनावांचे ढोबळ गट पाडता येतात. काही आडनावे कामावरून किंवा पदावरून पडली. गावचा कारभार पाहणारा पाटील, गावचे हिशेब ठेवणारा कुलकर्णी, परगण्याचा प्रमुख देशमुख, परगण्याचे दप्तर सांभाळणारा देशपांडे. वतने गेली, पण आडनावे राहिली. काही आडनावे जुन्या राजकुळांच्या नावांशी जोडली जातात. जाधव हे नाव यादवांशी, मोरे हे मौर्यांशी, चव्हाण हे चाहमानांशी. काही आडनावे प्राण्यांवरून किंवा एखाद्या लकबीवरून पडली. आणि एक मोठा गट असा, की ज्याच्या शेवटी 'कर' असते. आज आपण मुख्यतः ह्या गटाची ओळख करून घेणार आहोत. त्यासाठी हिंगोली जिल्ह्यातले एकच आडनाव घेऊ : कुरुंदकर.

कुरुंदा ते कुरुंदकर

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गाव आहे. कुरुंद्याचा तो कुरुंदकर. मराठीत गावाच्या नावाला 'कर' जोडला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. जोडताना नावात थोडा फरक पडतो. कुरुंदा, सातारा ह्यांसारख्या नावांतला शेवटचा 'आ' गळतो आणि कुरुंदकर, सातारकर अशी रूपे होतात. गोव्याचा मात्र गोवेकर होतो. वसमत, नांदेड, परभणी ह्या नावांत काहीच बदल होत नाही. वसमतकर, नांदेडकर, परभणीकर.

आता एक प्रश्न. कुरुंदा गावात सगळेच कुरुंद्याचे. मग तिथे एखाद्याला 'कुरुंदकर' म्हणून हाक मारण्याचा उपयोग काय? काहीच नाही. सगळ्यांनाच लागू पडणारे नाव कोणालाच ओळखायच्या कामी येत नाही. पण तोच माणूस नांदेडला किंवा हैदराबादला जाऊन राहिला, की तिथले लोक विचारतात, 'हे कोण?' उत्तर मिळते, 'हे कुरुंदकर.' म्हणजे 'कर' लावलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर पडते. गावातच राहिलेल्या काही वतनदार घराण्यांनीही गावाचे नाव लावले, हे खरे. पण सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल, की असे आडनाव ही पूर्वी कधी तरी झालेल्या स्थलांतराची नोंद असते.

ह्याचे चांगले उदाहरण म्हणजे प्रसिद्ध विचारवंत नरहर कुरुंदकर. त्यांच्या घराण्याचे गाव कुरुंदा. त्यांचा जन्म मात्र १९३२ साली कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला झाला, आणि आयुष्यातले मोठे काम झाले नांदेडला. तिथल्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. जन्मगाव एक, कर्मभूमी दुसरी आणि आडनावातले गाव तिसरेच! त्यांचा जन्म झाला तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९८२ साली ते वारले तेव्हा ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यात होती, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला. आडनाव तेवढे तसेच राहिले.

नाव सारखे, नाते मात्र नाही

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, 'कुरुंद नावाचा दगड असतो, त्यावरून गावाला नाव पडले असेल!' कुरुंद नावाचे खनिज खरेच आहे. ते ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १०, तर कुरुंद ९. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत रूपे. परंतु दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावरून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही. जुने कागदपत्र, ताम्रपट, शिलालेख ह्यांत गावाचे नाव पूर्वी कसे लिहीत, हे पाहावे लागते. पुरावा नसेल तर निष्कर्ष काढायचा नाही. हा नियम प्रयोगशाळेत जितका खरा, तितकाच नावांच्या अभ्यासातही खरा.

दुसरा सापळाही पाहा. वडगाव, पिंपळगाव ह्या नावांची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. दोन वडगावकर भेटले तर ते एका गावचे असतीलच असे नाही. आणि एका गावचे असले, तरी एका कुळातले असतीलच असेही नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या धंद्यांची घरे बाहेर पडली, आणि नव्या ठिकाणी सगळ्यांनाच त्या गावाचे नाव चिकटले.

शिवाय आडनावे बदलतातही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. शाळेत नाव घातले ते गावावरून आंबडवेकर, आणि पुढे ते आंबेडकर झाले. दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून आपले आडनाव घेतले. एकाच पिढीत आडनाव नवे होऊ शकते, हे ह्यावरून ध्यानात येईल.

दहा कोटींचे एक आडनाव

आता जरा हिमालयापलीकडे जाऊ या. चीनमध्ये आडनाव आधी लिहितात आणि स्वतःचे नाव नंतर. तिथे 'वांग' हे आडनाव अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळते. ते लावणारे लोक दहा कोटींच्या आसपास आहेत! हे अक्षर लिहायला अगदी सोपे. तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी रेघ. अर्थ 'राजा'. राज्य गेलेल्या राजघराण्यांच्या वंशजांना लोक 'राजाकडचे' म्हणू लागले, त्यावरून हे आडनाव रूढ झाले. पण राजघराणी काही एकच नव्हती. शांग, चौ अशा निरनिराळ्या घराण्यांचे आणि छी राज्याच्या राजांचे वंशज स्वतंत्रपणे वांग झाले. म्हणजे आपल्या वडगावकरांचीच गोष्ट. अक्षर एक, उगम अनेक.

चीनची लोकसंख्या सुमारे १४० कोटी आणि वापरातली आडनावे सुमारे सहा हजार. वांग, ली, झांग, लिऊ आणि छेन ही पाचच आडनावे मिळून सुमारे ३० टक्के लोक भरतात. आपल्याकडे मात्र एका वर्गात चाळीस मुले असली तर पंचवीस-तीस आडनावे सहज निघतात. असे का व्हावे?

आडनावे नाहीशी कशी होतात?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन ह्या शास्त्रज्ञाला पडला होता. थोर घराण्यांची नावे लोप का पावतात, असे त्याने १८७३ साली गणितज्ञांना विचारले. हेन्री वॉटसन ह्यांनी ते गणित मांडले, आणि १८७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे गणित तुम्ही दोन नाण्यांनी करून पाहू शकता.

समजा, एका गावात ४० घरे आहेत आणि प्रत्येकाचे आडनाव वेगळे आहे. आडनाव मुलाकडून पुढे चालते अशी रूढी धरू. प्रत्येक घरासाठी दोन नाणी उडवा. जितके छापे पडतील तितके त्या घराला मुलगे. दोन्ही काटे पडले तर आडनाव संपले. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक. म्हणून पहिल्या पिढीत सरासरीने ४० पैकी १० आडनावे जातील. उरलेल्या प्रत्येक मुलासाठी पुन्हा नाणी उडवा. दोन पिढ्यांत सुमारे १६, पाच पिढ्यांत सुमारे २४ आणि दहा पिढ्यांत सुमारे ३० आडनावे नाहीशी होतील. गंमत अशी, की गावातली घरे सरासरीने ४०च राहतात. उरलेल्या दहा आडनावांतच ती वाटली जातात. ह्यात कोणी शूर नव्हता की दुबळा नव्हता, कोणी पुण्यवान नव्हता की पापी नव्हता. सगळा खेळ योगायोगाचा!

वॉटसन ह्यांच्या उत्तरात एक चूक होती. सगळीच आडनावे केव्हा ना केव्हा नष्ट होतील, असे त्यांना वाटले. दर पिढीत सरासरी एकापेक्षा अधिक मुलगे असतील तर काही आडनावे कायमची टिकू शकतात, हे पुढच्या गणितज्ञांनी दाखवून दिले. हेच गणित पुढे जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी १९२७ साली जीवशास्त्रात वापरले. प्राण्यात उपजलेला नवा गुण टिकेल की लोपेल, हा प्रश्नही आडनावासारखाच आहे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

आता कोडे सुटते. चीनमधली आडनावे दोन-अडीच हजार वर्षांपासून वडिलांकडून मुलाकडे चालत आली आहेत. इतक्या पिढ्यांच्या चाळणीतून गळत गळत थोडी उरली, आणि उरलेली फोफावली. जपानमध्ये सर्वांनी आडनाव लावलेच पाहिजे, असा नियम सरकारने केला तो १८७५ साली. बरीच आडनावे त्या सुमारास नव्याने घेतली गेली. म्हणून तिथे लाखाहून अधिक आडनावे आहेत. आपल्याकडे ठरावीक आडनाव लावण्याची पद्धत शाळा, कचेऱ्या आणि जमिनीच्या नोंदी ह्यांमुळे सर्वदूर पक्की होत गेली, आणि तीही अलीकडच्या काळात. त्यात महाराष्ट्रात ४०,००० हून अधिक गावे. प्रत्येक गाव म्हणजे एक संभाव्य आडनाव. एकट्या हिंगोली जिल्ह्यात सुमारे सातशे गावे आहेत. गळती चालू असली तरी भरही पडत राहिली.

एक हजार चोवीसांतला एक

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वही घ्या आणि हिशेब करा. तुमचे आईवडील दोन. आजी-आजोबा चार. पणजी-पणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वज होतात १,०२४. नात्यातल्या लग्नांमुळे त्यांतले काही दोनदा मोजले जातील, पण तरीही शेकडो राहतीलच. ह्या १,०२४ जणांपैकी तुमचे आडनाव आले ते फक्त एकाकडून. तेसुद्धा मधल्या काळात कोणी बदलले नसेल तर!

पुरुषांच्या पेशींतले 'वाय' गुणसूत्रही असेच वडिलांकडून मुलाकडे जाते. पण आपल्या शरीरात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बाकीचा वारसा उरलेल्या सगळ्या पूर्वजांकडून आलेला असतो, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. त्यांची नावे आपल्या नावात कुठेच दिसत नाहीत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे, तो ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

म्हणून कोणी आडनाव ऐकून 'हा अमक्या जातीचा, म्हणजे असाच असणार' असे म्हणू लागला, तर त्याला नाण्यांचा खेळ दाखवा आणि १,०२४चा हिशेब सांगा. आडनाव हे पूर्वजांच्या पाऊलवाटेवरचा एक दगड आहे. त्यावर एखाद्या गावाचे नाव कोरलेले असते. माणसाची बुद्धी, शील किंवा कर्तबगारी त्यावर कोरलेली नसते.

करून पाहा

वर्गातल्या आडनावांची यादी करा. गावावरून पडलेली, पदावरून किंवा धंद्यावरून पडलेली, कुळावरून पडलेली आणि इतर, असे चार रकाने पाडा. 'कर' असलेली गावे नकाशावर शोधा, आणि ती तुमच्या शाळेपासून किती लांब आहेत ते मोजा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपण ते गाव केव्हा सोडले? का सोडले? दुष्काळ, नोकरी, लग्न, की धरण? काही गावे धरणाच्या पाण्याखाली गेली आहेत, त्यांचे नाव आता आडनावातच सापडेल. आजीला तिचे माहेरचे आडनाव आणि तिच्या आईचे माहेरचे आडनावही विचारायला विसरू नका. जात मात्र कोणाचीही विचारू नका. ह्या अभ्यासाला तिची गरज नाही.

आणि हे काम लवकर करा. कागदावर न उतरलेल्या कितीतरी हकिकती आजी-आजोबांच्या आठवणीत आहेत. त्या लिहून ठेवायला हीच वेळ आहे.