औषधाआधीचं अर्धं मिनिट

मावळातल्या रुग्णालयात नुसतं नाव विचारून भागत नाही. इथे गावंच्या गावं एका आडनावाची. वॉर्डात एका वेळी दोन भेगडे आणि तीन वाघमारे असणं रोजचंच. त्यात दोघांचं नाव तुकाराम निघालं आणि दोघांच्या वडलांचं नाव बाळू असलं, तरी कुणाला नवल वाटत नाही. खाटा शेजारीशेजारी असतात, केसपेपर एकाच ट्रेमध्ये असतात आणि एकाला रक्तदाबाची गोळी, तर दुसऱ्याला साखरेची गोळी चालू असते.

तळेगाव-वडगाव पट्ट्यातल्या एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात संध्याकाळची औषधं वाटणाऱ्या सिस्टरांसोबत मी फिरत होते. "तुम्ही तुकारामच ना?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. प्रत्येक खाटेपाशी त्या विचारत होत्या, "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कुठलं?" उत्तर आलं की हातावरची पट्टी, मग केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक, आणि तिन्ही जुळल्यावरच गोळी हातात. त्यामागचं कारण त्यांनी चालता चालता सांगितलं. तापाच्या ग्लानीतला, कमी ऐकू येणारा किंवा दवाखान्याची धास्ती घेतलेला माणूस कुठल्याही प्रश्नाला 'व्हय' म्हणतो. म्हणून ज्याचं उत्तर 'व्हय' होऊ शकतं, असा प्रश्नच विचारायचा नाही.

बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाच बोल नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच पाठ होतात. ते दर खाटेपाशी, दर वेळी पाळणं हे मात्र सबंध ड्यूटीभर चालणारं काम आहे. ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण नीट झालं तर काहीच घडत नाही.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट असतं. पेनाच्या काडतुसात ते 100 युनिट असतं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. टोपण काढून टाकलं की दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. डॉक्टरांनी 20 युनिट लिहिलेत आणि कुणी 100 च्या ताकदीचं औषध 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 युनिट अंगात जातात. अडीच पट. साखर धाडकन उतरते आणि झोपेतला माणूस बेशुद्ध पडलाय हे रात्री लक्षातही येत नाही. म्हणून सिस्टरांनी बाटली उजेडात धरली, आकडा मोठ्यानं वाचला, टोपणाचा रंग बघितला आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरांना दाखवली. त्यांनीही आकडा स्वतःच्या तोंडानं वाचला. नुसती मान हलवलेली इथे चालत नाही.

एवढं करूनही ते इंजेक्शन लगेच दिलं गेलं नाही. जेवणाची गाडी अजून वॉर्डात आली नव्हती. सिस्टरांनी स्वयंपाकघरात फोन लावला. उशीर होणार असं कळल्यावर डॉक्टरांना विचारलं, "सर, जेवण यायला तासभर आहे, इन्सुलिन थांबवू का?" पलीकडून होकार आला, तशी वेळेसकट चार्टवर नोंद झाली. कागदावर औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता, घड्याळातली वेळही बरोबर होती. पण पोटात अन्न जायला अवकाश होता, आणि ते बघणारी व्यक्ती तिथे हजर होती.

चुकीची वाट पुष्कळदा अक्षरातूनच निघते. '10' च्या पुढे युनिटसाठी 'यू' हे इंग्रजी अक्षर काढलं की ते शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. दशांश चिन्हाआधी शून्य लिहिलं नाही, तर अर्धा मिलिग्रॅम पाच मिलिग्रॅम वाचला जातो. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं डॉक्टरांसाठीच्या नियमावलीत 2016 च्या दुरुस्तीनं घातलेलं आहे. तरीही न लागणारं अक्षर समोर आलं, तर अंदाज बांधायचा नाही, लिहिणाऱ्यालाच विचारायचं.

पोटॅशियम क्लोराईडची गोष्ट त्याहून कडक. त्याची 10 मिलिलिटरची अँप्यूल दिसायला पाण्याच्या अँप्यूलसारखीच. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिलं तर जीव वाचवणारं औषध, तेच थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणारं. या वॉर्डात ते ट्रॉलीवर ठेवतच नाहीत. वेगळ्या कपाटात, कुलपात, लाल चिठ्ठी लावून असतं. दमलेल्या हाताला रात्री तीन वाजता ते चुकून सापडूच नये, अशी ही तजवीज. माणसाला 'सावध राहा' सांगण्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणं कितीतरी खात्रीचं.

कधी कधी तर सवयच घात करू शकते. लहान मुलाला वजनावर डोस काढायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. पण भातलावणीच्या दिवसांत नाणे मावळातून किंवा पवन मावळातून सर्पदंशाचं मूल येतं, तेव्हा हिशेब बदलतो. सापानं विष किती सोडायचं हे मुलाचं वजन बघून ठरवलेलं नसतं. त्यामुळे प्रतिसर्पविषाच्या बाटल्या मुलाला मोठ्या माणसाइतक्याच लागतात. घाईत कुणी निम्म्या करायला जाऊ नये, म्हणून या डोसाचा तक्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला असला पाहिजे.

या सगळ्यात सिस्टरांना माणसं किती वेळा हाक मारत होती! सलाईन संपलंय, पंखा लागत नाही, बिल कुठे भरायचं, डॉक्टर कधी येणार. सिडनीच्या दोन रुग्णालयांत औषध देणाऱ्या परिचारिकांचं निरीक्षण करून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढतं. आपण नातेवाईक म्हणून मारलेली हाक शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डोसात शिरू शकते, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी 12 बालकांच्या तोंडात हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं रुग्णालयात दाखल करावी लागली. सुदैवानं सगळी बचावली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. जाब विचारायलाच हवा. पण तेवढ्यावर फाइल मिटली, तर तोंडात घालायचं औषध आणि हाताला चोळायचं द्रव पुन्हा कुठल्यातरी टेबलावर शेजारी येतील. चुकलेल्या माणसाइतकीच त्या टेबलाचीही चौकशी व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांतून होणारा टाळता येणारा अपाय कमी करण्यासाठी 2017 मध्ये जगभराची मोहीम सुरू केली. अशा चुकांचा जगाला पडणारा खर्च तिनं वर्षाला 4,200 कोटी डॉलर धरला होता. सगळ्या जगाच्या सिस्टर-डॉक्टर निष्काळजी आहेत, असा याचा अर्थ कुणी काढणार नाही.

या वॉर्डात एक साधी वही आहे. होता होता राहिलेल्या चुका तिच्यात लिहायच्या: काय घडणार होतं आणि कशामुळे टळलं. लिहिणाऱ्याचं नाव लागत नाही. दोन गोळ्यांच्या सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिप्स वेगळ्या कप्प्यांत गेल्या, त्या अशाच एका नोंदीमुळे. मेमो मिळेल या भीतीनं ती ओळ लिहिलीच गेली नसती, तर त्या स्ट्रिप्स अजून एकत्रच राहिल्या असत्या.

धोका रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाही. घरी जाणाऱ्या एका आजींच्या पिशवीत रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी निघालं, आणि त्या दोन्ही घेत होत्या. त्याच पिशवीत संधिवातावरचं मेथोट्रेक्सेटही होतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर ते रक्तपेशींवर उठतं, जीवही जाऊ शकतो. आजींना वार वाचता येत नव्हता. सिस्टरांनी समजावलं, "आजी, ही पिवळी गोळी बाजाराच्या दिवशीच, रात्री जेवल्यावर. आता तुम्ही सांगा मला, कधी घ्यायची?" आजींनी स्वतः बिनचूक सांगितल्यावरच पिशवी बांधली गेली.

लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांनी आणि द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. अपघातानंतर अनोळखी रुग्णालयात पोचलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांना कळणार कुठून? चालू औषधांची यादी पाकिटात आणि स्ट्रिपांचे फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये हवेत.

सिस्टरांना अर्धं मिनिट थांबून विचारता येण्यासाठी त्यांच्या माथी खाटांचा डोंगर नको, आणि विचारल्यावर पलीकडून "तेवढंही कळत नाही का?" असं उत्तर यायला नको. ही जबाबदारी रुग्णालयाची आणि सरकारची. आपली जबाबदारी एवढीच, की औषधाच्या ट्रॉलीपाशी त्यांना हाक मारायची नाही, आणि आपली गोळी हातात आली की बेधडक विचारायचं: "सिस्टर, ही कशाची?" चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तिच्या तपासणीत आपलीही एक तपासणी जमा होते.