बर्फ सोसणारा ताड

माड, पोफळ, ताड, शिंदी ही मंडळी ज्याच्या नजरेत लहानपणापासून खाऱ्या वाऱ्याशी आणि दुपारच्या उन्हाशी जखडलेली असतात, त्याने स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात, लुगानो सरोवराकाठच्या एखाद्या घराच्या अंगणात, पंख्यासारख्या पानांवर बर्फ वागवीत निमूट उभा असलेला ताड पाहिला, तर प्रथम स्वतःच्या डोळ्यांचीच शंका यावी. हा चुसान ताड. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद ‘ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी’ अशी आहे, आणि त्यातला फॉर्च्यून म्हणजे चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणणारा रॉबर्ट फॉर्च्यून. चीनच्या चुसान बेटावर त्याने हे झाड पाहिले व १८४९ साली त्याची रोपे लंडनच्या क्यू उद्यानाकडे रवाना केली. वास्तविक झीबोल्ट या जर्मन वनस्पती-अभ्यासकाने जपानातून याचे बी १८३० मध्येच युरोपात धाडले होते; पण नामकरणाच्या दरबारात अग्रमान पहिल्यालाच मिळतो असे नाही.

खोडाला जुन्या देठांच्या तळातून सुटलेल्या तपकिरी तंतूंचे जाड वेष्टन असते. चिनी शेतकरी त्याचे दोर वळीत, कुंचे बांधीत आणि पावसात पांघरावयाचे झगेही विणीत; कोकणात इरले जे काम करी तेच हे.

जुने झाड उणे १२ अंशांच्या आसपासचा गारठा सोसून जाते, तथापि त्याचा सारा जीव, माडाप्रमाणेच, एका शेंड्यात असतो आणि तो गेला की फांदी फुटून पुन्हा उभे राहण्याची सोय नाही. म्हणून थंड मुलखातील जाणता बागवान कोरड्या थंडीपेक्षा ओल्या थंडीला अधिक भितो: गाभ्यात पाणी साचते, गोठते, इजा झालेल्या कोवळ्या भागात कूज शिरते, आणि वसंतात मधली मिटलेली झावळी हलकेच ओढताच अलगद हाती येते. हा प्रकार टाळण्यासाठी पाने वर बांधून शेंड्यावर हवा खेळेल असे कापड घालतात, बुंध्याशी वाळल्या पाल्याचा थर देतात, आणि रोप लावतात ते थंडी सरल्यावर, म्हणजे मुळांना उन्हाळाभर जम बसवता येतो. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळणे ही मात्र माया नव्हे, कोंडमारा आहे. हिरवी पाने छाटून झाडाला टापटीप आणण्याची हौसही मला अशीच निर्दय वाटते.

आपल्याकडे कुमाऊँत, पिथोरागढजवळच्या थलकेदार पर्वतावर, याचाच सख्खा भाऊबंद हिवाळ्यातले हिम झेलीत वाढतो. बेक्कारी या इटालियन पंडिताने १९०५ साली त्याला ‘टाकिल’ हे नाव दिले. युरोपातले हौशी बागवान त्याच्या बियांचा शोध घेत असतात, आणि आपण ताड म्हटले की नीरेपलीकडे जात नाही.

तिचिनोत मात्र चुसान ताड या पाहुण्याने घर आपलेसे केले ते अंमळ अधिकच. पक्ष्यांनी फळे खाऊन बी रानात नेले, सौम्य झालेल्या हिवाळ्यांनी रोपे राखली, आणि झाडांखाली ताडांची दाटी झाली. अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून स्विस सरकारने याच्या विक्रीस मनाई केली. अंगणातले जुने ताड तोडण्याचा हुकूम नाही. फक्त पिवळी पोय बाहेर पडली की फळ धरण्याआधी ती कापावी, असे मालकांना सांगितले जाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शिडी लावून कोयता चालविणारे गृहस्थ तेथे दिसतात.